दोघांत एक खांब

पहिला गुद्दा वायरमननेच मारला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं ते ऐकून त्याची बाजू घेणारे पुष्कळ निघतील, पण सुरुवात त्याची होती. सकाळचे आठ वाजले होते, ऊन आत्तापासूनच चटके देत होतं, आणि शेजारच्या पैलवानाने खांबावरच्या विजेच्या पेटीतून वायरमनच्या घरगाडीचा प्लग उपटून जमिनीवर फेकला होता. वायरमनने प्लगकडे पाहिलं, पैलवानाकडे पाहिलं, आणि विचार वगैरे करायच्या भानगडीत न पडता त्याच्या नाकावर मूठ ठेवून दिली.

पैलवान हे नाव वायरमननेच ठेवलेलं. खरं नाव विचारायची सोय नव्हती, कारण या परक्या देशाची भाषा त्याला ओ की ठो येत नव्हती. त्या माणसाला मान अशी नव्हतीच, खांद्यावर थेट डोकं, आणि पंजे सुपाएवढे. अशाला बासष्टाव्या वर्षी गुद्दा मारणं म्हणजे आपणहून वाघाच्या तोंडात हात घालणं. पैलवान दोन पावलं मागे सरला, ओठावर आलेलं रक्त त्याने पुसलं, आणि वायरमनला गळपट्टीला धरून असा उचलला आणि घरगाडीच्या पत्र्यावर असा आपटला की आतली ताटं खाली आली. पोटात एक बसला, तोंडावर दोन. खालचा एक दात निघाला, तो वायरमनने गिळला. मग त्याने पैलवानाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. चावला, हो. मारामारीत सगळं चालतं असं त्याचं मत होतं आणि ते त्याने आयुष्यात कधी बदललं नाही.

सोडवायला वायरमनची बायको आली. आली म्हणजे घरगाडीच्या पायरीपर्यंत आली, कारण तिच्या नाकातली नळी तेवढीच लांब होती. तिथूनच तिने हातातली छत्री उलटी धरली आणि मुठीचा फटका घातला, तोही पैलवानाला नाही, नवऱ्याच्या पाठीत.

"अहो, सोडा त्याचा हात! लाज वाटते का काही?"

वायरमनने तोंड उघडलं. मग ती पैलवानाशी त्याच्या भाषेत बोलली, दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. पैलवान मनगट चोळत ऐकत राहिला आणि थुंकून निघून गेला.

"काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, माझा नवरा आजारी आहे."

"मी?"

"डोक्याने," ती म्हणाली आणि दाराला धरून धापा टाकत बसली.

आता ही दोघं या वयात, या अवस्थेत, परदेशात घरगाडी घेऊन काय करत होती, ते सांगायला हवं. बायको शाळेत भूगोल शिकवायची. तीस वर्षं तिने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी फिरवून मुलांना नद्या आणि डोंगर दाखवले, आणि स्वतः राज्याची हद्द दोनदा ओलांडली. निवृत्त झाली आणि फुप्फुसं सुकायला लागली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र दिलं. हवेतून प्राणवायू गाळून नळीतून नाकात सोडणारं, गाडीच्या चाकाएवढं जड, आणि विजेवर चालणारं. नळी काढून ती चार पावलं चालली की ओठ निळे पडायचे. विमानाच्या प्रवासाला आणि हॉटेलच्या जिन्यांना सगळ्यांनी नको म्हटलं. पण ती म्हणाली, "नकाशा शिकवून मरायचं, का एकदा त्यावरून फिरूनही बघायचं?" वायरमनने चौतीस वर्षं वीज मंडळात खांबांवर काढलेली. तो म्हणाला, "तू रस्ता बघ. विजेचं माझ्याकडे लागलं." निघायच्या आधी वर्षभर ती फोनवरून इथली भाषा शिकली. लेकीने विरोध केला, तिला त्याने झापली. विमानात कंपनीचा सिलिंडर मिळाला, उतरल्यावर भाड्याची घरगाडी. सात आठवडे त्याने शब्द पाळला. रोज नवा कॅम्प, नवा खांब, नवी पेटी, आणि बायकोचा श्वास एकदाही अडला नाही.

हा कॅम्प मात्र वेगळाच निघाला. काल दुपारी आल्या आल्या इथलं व्होल्टेज असं उसळलं की घरगाडीतला इन्व्हर्टर जळून गेला. म्हणजे आता इंजिन चालू ठेवून यंत्र चालवायची सोय संपली. उरली यंत्राची स्वतःची बॅटरी. तिच्यावर चार हिरवे दिवे होते, एका दिव्याला एक तास. पुढचा कॅम्प साडेतीन तासांवर. चारही दिवे लागल्याशिवाय इथून हलता येत नव्हतं, आणि दिवे लागत नव्हते, कारण खांब दोघांत एक होता. पैलवानाने एसी आणि विजेचा तवा एकदम लावला की पेटीतला एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की वीज तोडणारा खटका, खटकन पडायचा. वायरमन जाऊन चढवायचा. पुन्हा पडायचा. तिसऱ्यांदा पैलवान आला आणि त्याला वाटलं की लोड या म्हाताऱ्याचाच आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

गुद्द्यानंतर मॅनेजर आला. किल्ल्यांचा जुडगा, घामाने भिजलेला सदरा, आणि सगळ्या जगावर वैतागलेला चेहरा. त्याने बायकोला सांगितलं, बायकोने नवऱ्याला सांगितलं. नऊ ते बारा वीज यांची, बारा ते तीन पैलवानाची, तीननंतर पुन्हा यांची. पेटीला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे. वेळ झाली की तोच येऊन प्लग बदलणार. आणि पुन्हा कुणी हात उचलला तर सरळ पोलीस.

"कुलूप?" वायरमन उसळला. "विजेच्या पेटीला बाहेरून कुलूप लावतात का कुणी? अपघात झाला तर बंद कशी करायची? सांग त्याला."

"तो म्हणतो, मेन स्विच फाटकाजवळच्या ऑफिसात आहे. आणि म्हणतो, मारामारी तुम्ही केलीत."

 मॅनेजरने वायरमनचा प्लग लावला, कुलूप घातलं आणि किल्ल्या वाजवत गेला.

आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यापायीच पुढचं सगळं झालं. वायरमनचा एक नेम होता. नव्या कॅम्पात पोचला की चहासुद्धा घ्यायच्या आधी तो पेटी तपासायचा. दोन वायरींना जोडलेला एक साधा दिवा, त्याच्या धंद्यातला टेस्ट लॅम्प. फेजला एक टोक, अर्थिंगला दुसरं, दिवा लागला तर ठीक. काल इथे दिवा लागला नाही. खांबातलं अर्थिंग मेलेलं होतं. म्हणजे गाडीत कुठे वायर उघडी पडली तर करंट जमिनीत न जाता गाडीच्या पत्र्यात उभा राहणार, आणि दाराला हात लावणारा माणूसच त्याची वाट होणार. वायरमनने लगेच घरगाडीजवळ लोखंडी गज ठोकला, भोवती मिठाचं पाणी ओतलं आणि स्वतःचं अर्थिंग स्वतः करून घेतलं. लोकाच्या अर्थिंगवर विसंबायचं नाही, हे तो नव्या पोरांना कानशिलात देऊन शिकवत आलेला होता.

पैलवानाची गाडी सगळी पत्र्याची, आणि त्याच्या तव्याच्या वायरला मधोमध चिकटपट्टी गुंडाळलेली. हेही वायरमनने काल पाहिलं. रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं. तिने जेवण अर्धं टाकून, फोनवर शब्द शोधून, त्या लोकांच्या लिपीत एक चिठ्ठी लिहिली. मास्तरणीचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. 'खांबाचं अर्थिंग तुटलेलं आहे. तुमच्या गाडीत वीज उतरू शकते. ओल्या हातांनी गाडीला हात लावू नका.'

"सकाळी उठल्या उठल्या द्या," ती म्हणाली.

सकाळी उठल्या उठल्या तो चिठ्ठी खिशात घालून निघालाही होता. तेवढ्यात एमसीबी पडला, मग पुन्हा पडला, मग प्लग, मग गुद्दा. मॅनेजर गेल्यावर तो कचऱ्याच्या डब्याशी तोंडातलं रक्त थुंकायला उभा राहिला आणि खिशात हात गेला. समोर पैलवान आरामखुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होता. बघत होता आणि मनगटावरची दातांची खूण स्वतःच्या बायकोला दाखवून हसत होता. वायरमनच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने चिठ्ठीचे चार तुकडे केले, चाराचे आठ केले आणि डब्यात टाकले. मर तिकडे, असं तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

घरगाडीत आल्यावर बायकोने विचारलं, "चिठ्ठी दिलीत का?"

"दिली."

"वाचली त्याने?"

"वाचली असेल. मी काय त्याची तोंडपरीक्षा घ्यायला थांबलो नाही."

 तिने त्याच्या ओठावर बर्फाचा तुकडा ठेवला आणि दाबून धरला. जरा जास्तच जोरात दाबला.

बारापर्यंत तीन दिवे लागले. चौथा लुकलुकत होता, तेवढ्यात मॅनेजर आला, यांचा प्लग काढून पैलवानाचा लावला आणि कुलूप घालून गेला.

"तीन तासांचा श्वास आहे," बायको म्हणाली. "निघू या का? आत्ता?"

"आणि शेवटचा अर्धा तास? तो कुठून आणू, माझ्या नाकातून?"

"हळू बोला. मी हळू श्वास घेईन."

"हळू श्वास घेईन म्हणे! तीनला पुन्हा आपली पाळी. तेव्हा भरून घेऊ आणि निघू. तू पडून राहा."

ती पडून राहिली. यंत्र बॅटरीवर फुसफुसत होतं. वायरमनला मात्र चैन पडेना. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. शिवी पचते, मार पचतो, खोटं पचत नाही. पैलवानाच्या गाडीतला एसी घरघरायला लागला, तशी त्याला ती चिकटपट्टी आठवायला लागली. आपल्या गजाला पाणी घालायला हवं, असं काहीतरी पुटपुटत तो बादली घेऊन नळाकडे निघाला. नळ पैलवानाच्या गाडीच्या पलीकडच्या बाजूला होता, दारही तिकडेच. जाता जाता हातवारे करून सांगून टाकू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. सांगितलंही असतं. त्याबद्दल त्याची बाजू घेतलीच पाहिजे.

पण तो वळसा घालून पलीकडे पोचला, तेव्हा पैलवान चिकटलेला होता.

नळाखाली हातपाय धुऊन, अनवाणी, ओल्या चिखलात उभं राहून त्याने दाराचा लोखंडी दांडा धरला होता. आता दांड्यानेच त्याला धरलं होतं. एवढं मोठं शरीर ताठ, दातांवर दात, गळ्यातून घुं-घुं असा आवाज. आत तव्यावर काहीतरी करपत होतं. वायरमनने अशी माणसं चौतीस वर्षांत पाच पाहिली होती, त्यातली दोन वाचली. पेटीकडे बघायचंही कारण नव्हतं, तिला कुलूप होतं. ऑफिस पळत गेलं तरी चार मिनिटं, आणि चिकटलेल्या माणसाला चार मिनिटं फार होतात. हाताने ओढायचं नाही, ओढणारा दुसरं प्रेत होतो. मंडळात पहिल्या दिवशी शिकवतात ते एकच: सुकं लाकूड घे, आणि दया करू नकोस.

सुकं लाकूड म्हणजे पैलवानाचाच बाक होता, सावलीत ठेवलेला. वायरमनने तो दोन्ही हातांनी उचलला आणि दांडा धरलेल्या हातावर, कोपराखाली, सगळा जोर लावून हाणला. हात सुटला नाही. दुसरा फटका त्याच जागी. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. बोटं तरी मिटलेलीच. तिसऱ्या फटक्याला बाकाचा पाय तुटला आणि पैलवान सुटून चिखलात आडवा झाला. मोडलेला हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता.

नेमक्या याच वेळी पैलवानाची बायको धुतलेले कपडे घेऊन आली. तिने काय पाहिलं? सकाळी मार खाल्लेला म्हातारा, हातात तुटका बाक, पायाशी नवरा. ती किंचाळली, कपडे टाकले आणि धावली. नवरा दारात पडलेला, आणि धावता धावता आधारासाठी तिचा हात त्याच दांड्याकडे गेला.

"हात लावू नको!" वायरमन ओरडला. तिला काय कळणार? त्याने बाक टाकला, तिच्या केसांचा बुचडा मुठीत धरला आणि तिला मागे खेचून फेकून दिली. ती नळाच्या कट्ट्यावर आपटली. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. ती उठली आणि पुन्हा गाडीकडे निघाली, तेव्हा त्याने तिच्या पोटात लाथ घातली.

तोपर्यंत सगळा कॅम्प धावत आला होता. सगळ्यांच्या पुढे एक टोपीवाला होता, सकाळची मारामारी अगदी पुढे उभा राहून बघितलेला. त्याने वायरमनच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो गुडघ्यांवर आला. मग कोण मारत होतं याला हिशेब राहिला नाही. बुटाच्या लाथा बरगडीत बसल्या, कुणी हात पिरगाळून पाठीमागे धरले, कुणी मुंडी चिखलात दाबली. वायरमन ओरडत होता, "करंट आहे! अरे मूर्खांनो, गाडीत करंट आहे! मला मारा, पण गाडीला हात लावू नका!" दरवेळी तोंड वर केलं की चिखल आणि बूट. करंट हा शब्द तरी कळेल असं त्याला वाटलं होतं, पण इथे विजेला वेगळंच काहीतरी म्हणत होते. काय म्हणतात ते त्याच्याकडे लिहून होतं, सुवाच्य अक्षरात. आता ते डब्यात होतं, आठ तुकडे होऊन. असली लाज त्याला जन्मात वाटली नव्हती, आणि ती लाथांपेक्षा जास्त दुखत होती.

दोघे जण पैलवानाला उचलून गाडीत ठेवायला वाकले. एकाचा हात दारापासून वीतभर होता.

"थांबा!"

आवाज लहानसा होता, पण पन्नास पोरांच्या वर्गाला तीस वर्षं गप्प केलेला आवाज होता. वायरमनने चिखलातून मान वळवली. त्याची बायको वळसा घालून चालत आली होती. नाकात नळी नव्हती. एक हात पैलवानाच्या गाडीपासून लांब धरलेला, दुसऱ्या हातात छत्री टेकायला. पंचवीस पावलं ती चालली होती. घरात ती पलंगापासून मोरीपर्यंत नळीशिवाय जात नसे.

तिने कालची चिठ्ठी म्हणून दाखवली. पाठ होती तिला. एकेक शब्द, मधे श्वास, पुन्हा शब्द. छत्रीने आधी खांब दाखवला, मग दाराचा दांडा, मग आपल्याच छातीवर हात ठेवून मान टाकून दाखवली, वर्गात नाटुकलं करून दाखवावं तशी. वाकलेला माणूस दचकून मागे झाला. कुणीतरी मॅनेजरच्या नावाने बोंब मारली आणि दोघे ऑफिसकडे पळाले. टोपीवाल्याने वायरमनच्या मानेवरचा पाय काढला. जरा वेळाने एसीची घरघर थांबली आणि सगळ्या कॅम्पाची वीज गेली.

वीज जायची वाट न बघता वायरमन आधीच रांगत पैलवानापाशी गेला होता. छातीला कान लावला. काही नाही. त्याने तळव्यावर तळवा ठेवला आणि दाबायला सुरुवात केली. मंडळ दरवर्षी रबरी पुतळ्यावर हे करून घ्यायचं आणि दरवर्षी सगळे हसायचे. लोकांना वाटलं, हा पुन्हा मारतोय. दोघे पुढे सरसावले.

बायकोने त्यांना आणखी एक वाक्य सांगितलं. बहुतेक 'करू द्या त्यांना' असं असावं. एवढं झाल्यावर ती नळाच्या कट्ट्याला टेकून खाली बसली. ओठ निळे, पण बसणं नीटनेटकं, पदर सारखा केलेला.

"तू आत जा!" वायरमन दाबता दाबता ओरडला. "नळी लाव! बारा, तेरा, चौदा... कुणीतरी न्या रे तिला!"

न्या रे म्हणजे काय, ते सांगणारी एकटी तीच होती.

"चिठ्ठी मी दिली नव्हती," तो म्हणाला. "फाडली. ऐकतेस का?"

"कळलं होतं," ती म्हणाली. "दाबा तुम्ही."

तिने हात उचलून पुढे-पुढे अशी खूण केली, अडलेल्या पोराला धडा पुढे वाच म्हणून सांगावं तशी. म्हणून तो दाबत राहिला. तिला उचलून आत न्यायला एक मिनिट लागलं असतं. ते एक मिनिट पैलवानाकडे नव्हतं, आणि तो माणूस आपल्या फाडलेल्या कागदामुळे इथे पडला आहे हे वायरमनइतकं स्पष्ट कुणालाच माहीत नव्हतं. तिच्याकडे एक मिनिट असेल असं त्याने धरलं. तीस वेळा दाबायचं, तोंडात दोनदा फुंकायचं, पुन्हा तीस वेळा. सगळा कॅम्प भोवती वाकून बघत होता. कट्ट्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती गप्प बसली होती, आणि गप्प बसलेल्या माणसाकडे कोण बघतं?

सातव्या फेरीला पैलवानाच्या छातीत काहीतरी घोरल्यासारखं झालं. त्याने खोकून श्वास ओढला, डोळे उघडले आणि मोडलेल्या हाताच्या वेदनेने गुरासारखा ओरडला. त्या ओरडण्यावर माणसांनी टाळ्या वाजवल्या. पैलवानाची बायको रक्ताळलेल्या तोंडाने वायरमनच्या गळ्यात पडली. त्याने तिला बाजूला केलं.

"झालं गं," तो कट्ट्याकडे वळून आपल्या बायकोला म्हणाला. "आला परत."

ती त्याच्याकडेच बघत होती. हात मांडीवर पडलेला, ओठ मिटलेले, आणि बघणं तसंच. वायरमन तिच्यापर्यंत पोचला, तिला हलवलं, मग मोडलेल्या बरगड्यांनिशी घरगाडीकडे पळाला. ते चाकाएवढं जड यंत्र दोन्ही हातांत उचलून आणलं, नळी तिच्या नाकात घातली आणि तिला चिखलात आडवं करून छाती दाबायला लागला. एक, दोन, तीन. लोक पुन्हा भोवती जमले. या वेळी कुणी त्याला अडवलं नाही. त्यांनी नुकताच एक माणूस उठताना पाहिला होता आणि हीही उठेल म्हणून ते वाट बघत होते.

वायरमनला पहिल्याच दाबाला कळलं होतं. शॉकने थांबलेलं काळीज धक्का दिला की चालू होतं, कधीकधी. सुकलेल्या फुप्फुसांचं तसं नसतं. तिच्यात परत चालू करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, होता तेवढा श्वास तिने पंचवीस पावलांत आणि दोन वाक्यांत खर्चून टाकला होता. हे सगळं माहीत असून तो दाबत राहिला. दहाव्या फेरीला मॅनेजरने मान खाली घातली. पंधराव्या फेरीला बायका रडायला लागल्या. रुग्णवाहिका आली, तिच्यातल्या माणसाने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली, तरी तो दाबत होता.

शेवटी टोपीवाला पुढे आला आणि मागून त्याचे खांदे धरले. हळूच धरले. वायरमन गर्रकन वळला आणि त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. मग दुसरा, मग तिसरा. टोपीवाल्याचा ओठ फाटला, टोपी चिखलात गेली. तो तरणाबांड गडी होता, एका हाताने म्हाताऱ्याला आडवा करू शकला असता. पण त्याने दोन्ही हात खाली सोडले आणि तो उभा राहिला. सोडवायला कुणीच आलं नाही. हात उचलेनासा होईपर्यंत वायरमन त्याला मारत होता.